देवळाची वेळ



घरोघरी घड्याळे नव्हती तेव्हा गाव काकडआरतीला उठे आणि तिन्हीसांजेच्या दिव्याला शेतातून परते. लग्नघटिका जोशीबुवा घटिकापात्रावर साधीत. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडीत. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. अशा ६० घटकांचा दिवस-रात्र. ‘घटका भरली’ हे बोलणे त्यातलेच. वाटी एक, म्हणून साऱ्यांची वेळही एक.

आज ज्याची त्याची वेळ मनगटावर, खिशात आहे. ती अचूक आहे, पण चार माणसांना एकत्र आणीत नाही.

जीर्णोद्धाराने शिखर उभे राहिले. परंतु काकड्याला पुजाऱ्यावाचून कोणी नसेल, तर सभामंडप रिकामाच. पैशाच्या देणगीची पावती मिळाली. आता रोज एक घटका देवळाला द्यावी. तिला पावती नाही.