डोकेदुखीची गोळी आणि कोंदलेले नाक



युनियनच्या माणसांनी नाकाच्या रोगावर बोलावे याचे तुम्हांला नवल वाटेल. पण आमच्या एका सोबत्याचे नाक वर्षानुवर्षे कोंदलेले. फुलाचाही वास येत नसे. नाकात मांस वाढले म्हणून दोनदा कापून काढले, दोनदा पुन्हा वाढले. एके दिवशी पाळीत डोके दुखले म्हणून त्याने खात्यातल्या प्रथमोपचाराच्या पेटीतली ॲस्पिरिनची गोळी घेतली. तासाभरात असा दमा लागला की आम्ही त्याला उचलूनच इस्पितळात नेला. साहेब म्हणाले, ‘तो जुनाच दमेकरी, गोळीचा काय दोष?’ त्या वादापायी आम्ही पुस्तके उघडली.

कपाळात व गालाच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांचे अस्तर बारा आठवडे वा अधिक काळ सुजून राहिले की त्याला जुनाट दाह म्हणतात. कित्येकांत ते अस्तर फुगून द्राक्षासारखे लोंबू लागते. लोक त्याला मांस म्हणतात. खरे पाहता ते पाणावलेले, सुजलेले अस्तरच.

ही सूज पेटवण्यात एन्झाइमांचा मोठा हात असतो. शाळेच्या पुस्तकांत त्यांना विकर म्हणतात. विकर आणि विकार यांत एका कान्याचा फरक, आणि आजच्या गोष्टीत तोही पुसट होतो! विकर म्हणजे शरीरातला कारागीर: माल बदलतो, स्वतः खर्ची पडत नाही. पेशींच्या आवरणातून ॲराकिडॉनिक आम्ल नावाचा कच्चा माल सुटतो आणि त्यावर दोन खाती चालतात. सायक्लोऑक्सिजनेज हा विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिने घडवतो; लिपॉक्सिजनेज घडवतो ल्युकोट्राइने. ही ल्युकोट्राइने श्वासनळ्या आवळतात, अस्तरात पाणी झिरपवतात, शेंबूड वाढवतात. आता मेख अशी, की पहिल्या खात्यातले ई-२ नावाचे प्रोस्टाग्लँडिन दुसऱ्या खात्याला लगाम घालते. या रोग्यांत तो लगाम मुळातच सैल.

जॉन व्हेन यांनी १९७१ साली लंडनमध्ये दाखवून दिले की ॲस्पिरिन पहिल्या खात्याचेच काम थांबवते. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आपले दुखणे थांबते ते त्यामुळेच. पण आमच्या सोबत्यासारख्याचा उरलासुरला लगामही सुटतो आणि दुसरे खाते बेफाम होते. म्हणून घडणीने वेगळ्या असलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्याही त्याला तशाच बाधतात.

साहेबांचे म्हणणे निम्मे खरे होते, दमा जुना होता. पण नाकातले मांस, दमा आणि ॲस्पिरिन न सोसणे या तिघांची सांगड पॅरिसच्या विडाल यांनी १९२२ सालीच नोंदवली होती. सॅम्टर आणि बिअर्स यांनी १९६८ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. प्रौढ दमेकऱ्यांत शंभरांत सुमारे सात जणांना हा त्रास असतो. इतके जुने ज्ञान आमच्या खात्यातल्या पेटीपर्यंत पोचू नये, याचा आम्हांला राग आला, तो अजून गेलेला नाही.

गंमत पाहा, हीच ॲस्पिरिन डॉक्टरांच्या नजरेखाली कणाकणाने वाढवत दिली, तर काहींचे मांस पुन्हा वाढणे मंदावते. घरी मात्र कोणी हा प्रयोग करू नये.

आम्ही मागणी लावून धरली, आणि पेटीत पॅरासिटामॉल आले. बेताच्या मात्रेत ते यांपैकी बहुतेकांना सोसते. झाकणावर एक कागद चिकटवला आहे: ‘दमा आहे का? नाकात मांस वाढले होते का? आधी सांगा.’ अक्षर आमच्या त्या सोबत्याचेच आहे.