वाट पाहण्यात वर्ष जातं



मूल उशिरा बोलायला लागलं, की आपल्या घरात एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं. "त्याचा बापही तीन वर्षांचा झाल्यावर बोलला, हाही बोलेल." चालायला उशीर झाला तर, "अंगानं भरलेला आहे, म्हणून वेळ लागतोय." ही वाक्यं मायेपोटी येतात. आईचा धीर सुटू नये म्हणून वडीलधारी माणसं ती बोलतात. पुष्कळदा ती खरीही ठरतात, कारण सगळी मुलं घड्याळ लावून वाढत नाहीत. पण ज्या मुलाच्या बाबतीत ती खरी ठरत नाहीत, त्याचं वर्ष-दीड वर्ष या दिलाशात निघून जातं. मी विशेष शिक्षिका आहे, लहान मुलांबरोबर काम करते. त्या निघून जाणाऱ्या वर्षाबद्दलच मला आज बोलायचं आहे.

पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ सर्वांत वेगानं होते. पाहणं, ऐकणं, हात पुढे करणं, हाक मारल्यावर वळणं, या अनुभवांतूनच मेंदूतली जोडणी होत असते. म्हणून काही खुणा प्रत्येक घराला माहीत असाव्यात. दोन-अडीच महिन्यांचं बाळ आपल्या तोंडाकडे पाहून हसतं. चार-पाच महिन्यांत ते मान धरतं. नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतं. वर्षाच्या सुमारास नावानं हाक मारली की वळून पाहतं. दीड वर्षापर्यंत स्वतः चालतं, दोन-चार शब्द बोलतं. दोन वर्षांचं झालं की 'आई पाणी' असे दोन शब्द जोडतं. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, तर वय जन्मतारखेपासून न मोजता डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजायचं. एखादी खूण थोडी मागेपुढे झाली म्हणून घाबरू नये, पण दाखवायला मात्र न्यावं. आणि आलेली गोष्ट गेली, म्हणजे बोलणारं मूल बोलेनासं झालं, तर एक दिवसही थांबू नये.

ऐकण्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. "आम्ही ताट वाजवून पाहिलं, तो वळला," असं पालक सांगतात. पण मूल हाताची हालचाल पाहूनही वळतं, जमिनीची थरथर जाणवूनही वळतं. काही मुलांना मोठा आवाज ऐकू येतो, पण बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येत नाहीत. अशा मुलाला फटाका कळतो. 'काका' आणि 'पापा' यांतला फरक कळत नाही. म्हणून ताटावर भरवसा ठेवू नका, यंत्रावर तपासणी करून घ्या. ती पहिल्या महिन्यातच व्हावी, शंका आल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व्हावं आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र व शिकवणं सुरू व्हावं, असा जगभर मानला गेलेला दंडक आहे. बाळ झोपेत असतानाही ही तपासणी होते, त्याला काही दुखत नाही.

मग जायचं कुठे? पहिला उंबरठा अंगणवाडीचा. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. पाड्यावरचं मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेनं त्याच्या अंगणात जावं, हा तिथला विचार. त्याच पालघर परिसरातून फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. या कार्यक्रमात डॉक्टरांच्या फिरत्या पथकानं प्रत्येक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करायची असते. जन्मतःचे दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब, अशा चार बाजूंनी मूल पाहिलं जातं. गरज वाटली तर त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं आणि हे उपचार मोफत असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची खास कार्यपद्धती आणली. त्यामुळे मुलाला ओळखणं, अंगणवाडीत इतरांबरोबर सामावून घेणं आणि पुढे पाठवणं हे आता सेविकेच्या कामात धरलेलं आहे. तिला विचारा, पथक केव्हा येणार. त्या दिवशी मूल मामाच्या गावी नसेल एवढं पाहा.

पण जिल्ह्याचं केंद्र लांब असतं. एसटीनं जाऊन-येऊन दिवस मोडतो, रोज बुडतो. आणि आठवड्यातून एकदा पाऊण तास व्यायाम मिळाला, तरी बाकीचे सगळे तास मूल घरातच असतं. म्हणून तिथल्या पाऊण तासात मुलावर काय केलं, यापेक्षा आईला, आजीला, बापाला काय शिकवलं याला जास्त महत्त्व आहे.

माझ्याकडे सव्वा वर्षाची एक मुलगी यायची. अंग कडक, मान डळमळीत. तिला मांडीवर आडवी घेऊन पेज भरवायचे आणि दर वेळी ठसका लागायचा. पहिलं काम आम्ही केलं ते भरवण्याचं. आडवं नाही, सरळ बसवून. डोकं मागे न टाकता, किंचित पुढे. भिंतीच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंना उशा लावून तिची जागा केली. आजी भाजी निवडायची ती तिच्यासमोर बसून. मटाराची रिकामी शेंग तिच्या हातात द्यायची, नाव घ्यायचं, ती टाकेपर्यंत थांबायचं. आंघोळीच्या वेळी एकेक अवयवाचं नाव. दुपट्याची गुंडाळी छातीखाली देऊन पालथं निजवणं. खेळणी विकत आणली नाहीत. वाटी, चमचा आणि ओढणी एवढंच साहित्य. आठ महिन्यांनी ती कोपऱ्यातून उशांशिवाय बसू लागली. ती अजून चालत नाही. पण हवं ते बोटानं दाखवते आणि नको असेल तर तोंड फिरवते. ज्या घरात तिचं रडणं एवढीच तिची भाषा होती, तिथे हा बदल लहान नाही.

हे सांगितलं की प्रश्न येतो, "पूर्ण बरी होईल ना?" मेंदूला झालेली इजा पुसली जात नाही, डाऊन सिंड्रोम जात नाही. लवकर केलेल्या मदतीनं आजार नाहीसा होत नाही. मुलाला जे जमू शकतं ते जमण्याची संधी वाया जात नाही. जो कोणी खात्री देऊन मोठी रक्कम मागेल, मग ते तेल असो की स्टेम सेलची सुई, त्याच्यापासून दूर राहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनीही मुलांच्या अशा अवस्थांवर स्टेम सेल हा मान्य उपचार धरलेला नाही.

आणि निदानासाठी अडून राहू नका. आजाराचं नाव ठरायला कधी कधी महिने लागतात. प्रमाणपत्राचे कागद नंतरही होतात, आणि ते करावेतच, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या सवलती आणि सोयी त्यावर मिळतात. पण मूल बसत नाही एवढं दिसलं, की बसवायला शिकवणं त्याच दिवशी सुरू करता येतं. त्याला नावाची गरज नसते.

एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. अशा मुलाच्या आईला ग्रहणात भाजी चिरली का, काय खाल्लं, कुणाच्या घराण्यात होतं, असे प्रश्न विचारले जातात. ग्रहणाचा आणि व्यंगाचा काही संबंध नाही. त्या प्रश्नांनी एकच होतं: ती बाई मुलाला बाहेर आणायची थांबते. तेव्हा निदान एका खेपेला तरी केंद्रात बापानं मुलाला कडेवर घेऊन यावं. भरवायला त्यानंही शिकावं.

वाट पाहू नका, असं मी इतका वेळ सांगते आहे. एका ठिकाणी मात्र जरूर पाहा. मुलाला काही विचारलं, की लगेच आपणच उत्तर देऊ नका. मनात पाच आकडे मोजा. उशिरा वाढणाऱ्या मुलाचं उत्तर बहुधा चौथ्या किंवा पाचव्या आकड्यावर येतं. कधी ते नुसतं डोळ्यांचं वळणं असतं. ते दिसलं, की "हो, कळलं मला," असं त्याला मोठ्यानं सांगा.