ईश्वरी संदेश आणि मांत्रिकाची बिदागी



तेरला येऊन गोरोबाकाकांचे नाव न घेता बोलायला सुरुवात करणे कुणालाही अवघडच, आणि आजच्या विषयाला तर त्यांची आठवण विशेष उपयोगी पडणारी आहे. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबांनी आपले थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर मारून कच्चे मडके कोणते व पक्के कोणते ह्याची परीक्षा केली, ही आख्यायिका इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. कच्चे ठरले ते नामदेव. ज्यांच्याशी विठ्ठल प्रत्यक्ष बोलतो, ज्यांच्या हातचा नैवेद्य तो खातो, तेच नामदेव. देवाशी सलगी असल्याचा दावा हा काही पक्केपणाचा पुरावा नाही, असा निकाल एका कुंभाराने दिला. गंमत अशी की, गोरोबांचे तुटलेले हात पुन्हा फुटल्याचा चमत्कार कीर्तनात जितका रंगतो तितका हा निकाल रंगत नाही.

इस्लामी विचारातही असे एक थापटणे आहे. तेही असेच मागे पडले आहे.

हा विषय तेरला काढण्याचे कारण उघड आहे. २०२३ पर्यंत उस्मानाबाद ह्या नावाने ओळखला जाणारा हा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हिंदू-मुसलमानांचा शेजार इथे शतकांचा आहे. ह्या शेजारातून पुष्कळ चांगले निपजले, तसे भयही सामाईक झाले. सुनेला ‘बाहेरचे’ झाले म्हणून हिंदू कुटुंब आमिलाकडून तावीज आणते. मुसलमान कुटुंब देवऋषीच्या अंगाऱ्याला नाही म्हणत नाही. एकाकडे गुण आला नाही की दुसऱ्याची पायरी चढायची, हा रिवाज. भानामतीच्या धास्तीने मराठवाड्यातली खेडीच्या खेडी पछाडली गेली, तेव्हा त्या धास्तीने कुणाची जात किंवा धर्म विचारला नव्हता. बुलढाणा जिल्ह्यात सैलानीबाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास जी यात्रा भरते तिथे भूतबाधा उतरवायला आलेल्यांत हिंदूंची संख्या मोठी असते, हे सर्वश्रुत आहे.

असे असता कार्यकर्त्याची दोन्हीकडून कोंडी होते. हिंदू शेजारी विचारतो, मुसलमानांच्या अंधश्रद्धेविषयी तुमची तोंडे का शिवलेली? मुसलमान शेजारी म्हणतो, आमच्या धर्मात ढवळाढवळ नको. दोघांचीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की तावीज म्हणजे इस्लाम. हे गृहीतच तपासून घेतले पाहिजे.

पैगंबरांना झालेल्या ईश्वरी संदेशाला अरबीत ‘वही’ म्हणतात. आपल्या हिशेबाच्या वहीशी त्याचा उच्चारापलीकडे संबंध नाही. ह्या संदेशावर मक्केतल्या प्रतिष्ठितांनी पहिला आक्षेप कोणता घेतला? तो खोटा आहे, एवढाच नव्हे. ते म्हणाले, ही जादू आहे, हा माणूस काहिन आहे, कवी आहे किंवा झपाटलेला आहे. काहिन म्हणजे भविष्य सांगणारा. यमक जुळवलेल्या गूढ वाक्यांत तो हरवलेल्या उंटापासून लढाईच्या निकालापर्यंत सारे सांगे आणि त्याचे पैसे घेई. एवंच, संदेश आणि जादू ह्यांमधली सीमारेषा आखणे हे इस्लामला मागाहून सुचलेले काम नाही; जन्मतःच ते त्याच्या वाट्याला आले. सतराव्या सूऱ्यात मक्केचे लोक मागणी करतात की जमिनीतून झरा काढून दाखव, खजूर-द्राक्षांची बाग उभी कर, आकाशात चढून जा. त्याला उत्तर मिळते ते इतकेच की, हा तर केवळ एक मनुष्य, निरोप घेऊन आलेला. सहाव्या सूऱ्यात पैगंबरांना स्पष्ट सांगायला लावले आहे की आपल्यापाशी ईश्वराचे खजिने नाहीत आणि अदृष्टाचे ज्ञानही नाही.

ह्याहून बोलका प्रसंग इ. स. ६३२ च्या जानेवारीतला. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहिम वारला आणि त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, सूर्यसुद्धा शोकात बुडाला. पुत्रशोकात असलेल्या बापाला त्या क्षणी हा चमत्कार नुसता मौन राहूनही पदरात पाडून घेता आला असता. पैगंबरांनी लोकांना सांगितले, की सूर्य आणि चंद्र ह्या ईश्वराच्या खुणा आहेत. कुणाच्या मरणाने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. ही हदीस बुखारींच्या संग्रहात आहे आणि ती कुणी नाकारीत नाही.

आता थापटण्याकडे येऊ. जादूगार कोणता आणि संदेशवाहक कोणता, हे ओळखायचे कसे? धर्मशास्त्र्यांनी ह्यावर ग्रंथ लिहिले. १०१३ साली मरण पावलेल्या बाकिल्लानींचा चमत्कार आणि जादू ह्यांतील भेदावरचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. ती चर्चा सूक्ष्म आहे, पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे लक्ष वेगळ्याच गोष्टीने वेधून घ्यावे. कुराणाचा सव्विसावा सूरा पाहा. मुसाशी सामना करायला बोलावलेले फिरऔनचे जादूगार सामन्याआधी एकच प्रश्न विचारतात: जिंकलो तर आम्हाला मोबदला मिळेल ना? फिरऔन म्हणतो, मिळेल, शिवाय दरबारात जवळची जागाही मिळेल. त्याच सूऱ्यात पुढे नूह, हूद, सालिह, लूत आणि शुऐब असे पाच पैगंबर एकामागून एक येतात आणि पाचही जण आपापल्या लोकांना तेच सांगतात, की ह्या कामाचा मोबदला तुमच्याकडे मागायचा नाही. ही पुनरुक्ती काही नजरचुकीने झालेली नाही. दुसऱ्या सूऱ्यात बाबेलच्या जादूविद्येचा उल्लेख येतो, नवराबायकोत फूट पाडणारी विद्या म्हणून. तिथेही भाषा सौद्याची आहे, जिवाच्या मोलाने केलेल्या वाईट सौद्याची. हदीसमध्ये ज्या कमाया निषिद्ध ठरवल्या आहेत त्यांत काहिनाची बिदागी नाव घेऊन सांगितली आहे. तिचा अरबी शब्द ‘हुलवान’; ‘गोड’ ह्या अर्थाच्या धातूपासून आलेला. आपल्याकडेही लाच खाऊ घालताना तोंड गोड करण्याचीच भाषा असते.

संदेश सर्वांसाठी, उघड्यावर आणि फुकट. जादू एकट्यासाठी, पडद्याआड आणि पैसे घेऊन. ह्या कसोटीवर ठोकून पाहिले तर आयत लिहिलेला कागद पाण्यात कालवून तो पाजणारा आणि त्याचे पाचशे रुपये घेणारा आमिल कुठल्या रांगेत बसतो, हे कुणी सांगायला नको. वाचून समजून घेण्यासाठी आलेले वाक्य तो घडी घालून चामड्यात शिवून टाकतो. ते पुन्हा कुणी वाचू नये अशी व्यवस्थाच करतो.

परंतु इथेच थांबून टाळ्या घेणारा कार्यकर्ता पुढच्याच बैठकीत तोंडघशी पडेल. कारण आमिलही काही अडाणी नसतो. तो हदीस सांगतो: प्रवासात पैगंबरांच्या काही साथीदारांना एका टोळीने पाहुणचार नाकारला, तेवढ्यात टोळीच्या नायकाला विषारी दंश झाला, साथीदारांपैकी एकाने मोबदला ठरवून घेऊन फातिहा म्हटली, नायक बरा झाला, बकऱ्या मिळाल्या, आणि पैगंबरांनी त्या घेण्याला संमती दिली. हीही हदीस बुखारींच्याच संग्रहात आहे. शिवाय कुराण जिन्न मानते, जादूचे अस्तित्वही सांगते. ‘इस्लाम हा मुळातच विज्ञाननिष्ठ धर्म’ अशी सोयीची घोषणा करणाऱ्यांनी हे दडवू नये. ते प्रामाणिकपणाचे नाही, आणि फारसे उपयोगाचेही नाही.

दाखवायचे ते हे, की ह्या प्रश्नावर मुसलमानांमध्येच हजार वर्षे वाद चालू आहे. मोअतझिला पंथाचे विचारवंत जादूला नजरबंदीच समजत. मुसाच्या कथेतही दोऱ्या सरपटल्यासारख्या ‘भासल्या’ असाच उल्लेख आहे, ह्यावर त्यांचा भर. हनफी पंथाचे मोठे शास्त्री जस्सास, निधन ९८१, ह्यांनी तर पैगंबरांवरच कुणी करणी केल्याची जी प्रसिद्ध हदीस आहे ती साफ फेटाळली. पैगंबरांना झपाटलेला म्हणणाऱ्या विरोधकांना कुराण खोटे ठरवते, मग तीच गोष्ट श्रद्धावंतांनी कशी मानावी, हा त्यांचा सवाल. १९०५ साली निधन पावलेले इजिप्तचे मुफ्ती महंमद अब्दुह ह्यांनीही तोच निष्कर्ष काढला. इब्न खल्दून जादू मानी, पण फलज्योतिषाचे आणि किमयेचे त्याने केलेले खंडन आजही वाचावे असे आहे. आणि इक्बालांनी १९३० साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी व्याख्यानांत ह्या सर्वांवर कळस चढवला: महंमद हे अखेरचे पैगंबर, ह्याचा अर्थच असा की ह्यापुढे कुणालाही दैवी अधिकार सांगून माणसांवर हुकमत चालवता येणार नाही, निसर्ग आणि इतिहास ह्यांचा अभ्यास हीच पुढची वाट. पैगंबरपद संपल्यावर आमिलाकडे कुठल्या कचेरीचा शिक्का उरतो?

हमीद दलवाई असते तर त्यांनी इथे हात वर केला असता. १९७० च्या २२ मार्चला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे दलवाई म्हणत आले, की आधुनिक जीवनाचा आधार ग्रंथाच्या नव्या अर्थात शोधू नये; आज एक अर्थ लावला तर उद्या दुसरा शास्त्री उलटा अर्थ लावील. असगरअली इंजिनियर ह्यांची वाट निराळी. त्यांनी हयातभर कुराणाच्या उदार अर्थावरच उभे राहून लढा दिला. ह्या वादात तत्त्वतः दलवाईंचे पारडे जड आहे. बकऱ्यांची हदीस त्याचीच साक्ष देते. मात्र फणफणलेल्या मुलीची आई तावीज बांधते तेव्हा तिच्यापुढे दलवाईंचे तत्त्व मांडून ऐकवायला वेळ नसतो. तावीज सोडला तर धर्म सुटेल ही तिची भीती आधी काढावी लागते, आणि ती काढायला ग्रहणाची हदीस पुरते. दोन्ही वाटांची गरज आहे, पण दोन्ही एकाच मुक्कामाला जातात असे मानण्याची चूक करू नये.

आता बिदागीच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे ती देणाऱ्याकडे. आमिलाची फी ही औषधाच्या बाजारातली किंमत आहे. जिथे डॉक्टर बसत नाही, जिथे मनाच्या आजाराला नावही नाही, तिथे ती द्यायला लोक तयार होतात. २००१ च्या ६ ऑगस्टला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने जळून मेले. त्यांना तिथे आणून सोडणारे आईबाप क्रूर नव्हते. त्यांच्या गावाजवळ मनोरुग्णांवर उपचार करणारे कुणी नव्हते आणि दर्गा होता.

कायदे नाहीत असे नाही. जादूच्या उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्यात तावीज, मंत्र आणि कवच ह्यांचा नावानिशी उल्लेख आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. हा कायदा केवळ हिंदूंविरुद्ध आहे, अशी आवई वर्षानुवर्षे उठवली गेली होती. प्रत्यक्षात त्याखालचा पहिला गुन्हा त्याच सप्टेंबरात नांदेडला नोंदला गेला. कर्करोग, मधुमेह आणि एड्स चमत्काराने बरे करण्याची वर्तमानपत्रात जाहिरात दिल्याचा आरोप होता, आणि आरोपी मुसलमान होते. आवई उठवणाऱ्यांनी ह्याची दखल घेतल्याचे दिसले नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र वा गंडेदोरे करणे हाही ह्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

पण गुन्हा नोंदला जातो तो माणूस दगावल्यावर. पावसाळ्यात तेरणेकाठच्या रानात रात्री साप चावला, तर घरच्यांच्या हाती थोडेच तास असतात, आणि त्यांतला प्रत्येक तास आमिलाच्या किंवा देवऋषीच्या ओसरीवर जाऊ शकतो. म्हणून मिरगाच्या आधी गावोगावच्या शाखांनी दोन कामे उरकावीत. पहिले, जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पविषावरची लस किती शिल्लक आहे आणि रात्री ती टोचायला कोण असते, ह्याची लेखी चौकशी करावी. दुसरे, इमामसाहेबांना भेटून, प्रत्येक रोगाला औषध आहे व ते घ्यावे, ही हदीस एखाद्या शुक्रवारच्या खुतब्यात सांगण्याची विनंती करावी, आणि त्याच आठवड्यात गावातल्या कीर्तनकारबुवांनाही भेटावे. बुवांना थापटण्याची कथा नव्याने सांगायची गरज नाही. फक्त ती ह्या वेळी कशासाठी लावायची, तेवढे सांगितले म्हणजे झाले.