जुन्या सायकलीचा घरगुती जीर्णोद्धार
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



ज्ञातीच्या व्यासपीठावरून बहुधा शिक्षण, विवाह, शिष्यवृत्त्या अशा वजनदार विषयांचा ऊहापोह होतो. त्या मानाने सायकल हा विषय हलका वाटेल. परंतु आपल्यापैकी कितीतरी घरांच्या जिन्याखाली वडिलांची अथवा आजोबांची काळी सायकल आजही गंजत उभी आहे, आणि इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रसंग आला की प्रथम तिचीच रवानगी भंगारात होते. जिच्यावर एका माणसाची सबंध नोकरी पार पडली ती वस्तू किलोच्या भावाने जावी, हे मला बरे वाटत नाही. म्हणून प्रथमच हाती पाना घेणाऱ्याने ती घरी कशी उभी करावी, एवढेच मी आज सांगणार आहे.

आरंभी सायकल ओळखावी. हँडलच्या खाली, सांगाड्याच्या पुढील नळीवर कंपनीची पट्टी असते. बगळ्याचे डोके असेल तर ती रॅले. तीन बंदुकांची रचना असेल तर बर्मिंगहॅमची बी.एस.ए. मात्र रॅलेचे नाव दिसले म्हणजे सायकल नॉटिंगहॅमचीच असे समजू नये. स्वातंत्र्यानंतर सेन-रॅलेच्या आसनसोल येथील कारखान्यातही त्या तयार होत. सोनीपतची अ‍ॅटलास १९५१ ची. तिचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला. देशी सायकलीस कमी लेखू नये. आपल्या बहुतेकांच्या घरी होती ती तीच.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: रंग द्यावा की नाही? हौशी मनुष्य प्रथम रंगाचा डबा आणतो, आणि तेथेच सायकल हातची जाते. भट्टीत पक्का केलेला तो काळा रंग, त्यावरील सोनेरी रेषा, दांडीवर बसवलेल्या लहान सीटचे घट्टे, नगरपालिकेच्या सायकलकराचा पितळी बिल्ला हे सर्व एकदा घासून काढले की पुन्हा मिळत नाही. तेव्हा ओल्या मऊ फडक्याने धूळ काढावी, अक्षरांवर पेट्रोल वा थिनर लावू नये, आणि वर मेणाचा पातळ हात द्यावा. चकाकी असलेल्या भागांवरील गंज अ‍ॅल्युमिनियमच्या चुरगळलेल्या वर्खाने, पाण्यात भिजवून घासल्यास बराच निघतो. सांगाडा आतून गंजून कुजला असेल तर गोष्ट निराळी. पण तेथे रंगाने झाकूनही काय साधणार?

सांगाड्याची परीक्षा मात्र निर्दयपणे करावी. पुढचा चिमटा जेथे वरच्या नळीस मिळतो तेथे, आणि सर्व सांध्यांच्या कडेला, बारीक चीर आहे का ते भिंगातून पाहावे. चीर आढळली तर ती सायकल भिंतीशी शोभेला ठेवावी, अथवा गॅसने पितळ भरणाऱ्या जाणत्या कारागिराकडे न्यावी. या नळ्या पातळ असतात. विजेच्या वेल्डिंगने त्या जळतात. चिमटा चालत्या रस्त्यात तुटला तर स्वार तोंडावर आपटतो. वडिलांच्या आठवणीपायी मुलाचा जीव धोक्यात घालणे हे पितृभक्तीत बसत नाही.

उघडताना नवशिक्यास सर्वांत छळते ती कॉटरपिन. क्रँक आसावर घट्ट धरून ठेवणारी ही खुंटी गंजाने एकजीव झालेली असते. तिला आदल्या रात्री पातळ तेल पाजावे, नट टोकाच्या पातळीपर्यंत सैल करावा, क्रँकखाली जमिनीपर्यंत पोहोचणारा भक्कम लोखंडी नळीचा आधार द्यावा आणि मग हातोडीचा एकच नेमका घाव घालावा. आधाराविना घातलेले दहा घाव आतल्या छर्‍यांवर बसतात. बसविताना दोन्ही खुंट्या परस्परविरुद्ध दिशेने घालाव्यात, नाहीतर पॅडल एका रेषेत येत नाहीत. डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो हे ठाऊक नसल्याने अनेकांनी जोर लावून क्रँकचे आटे मारले आहेत. चेनच्या बाजूचा मधला कपही इंग्रजी घडणीच्या सायकलीत उलट्या आट्याचा असतो. तो न काढता जागीच पुसावा, हे उत्तम.

छर्रे बाहेर पडतील तसे ताटलीत मोजावेत. सामान्यतः पुढच्या हबमध्ये प्रत्येक बाजूस ३/१६ इंचाचे १०, मागच्यात पाव इंचाचे ९ आणि मधल्या आसाला पाव इंचाचे ११ असतात. जुन्यांत दोन-चार नवे मिसळू नयेत. सगळेच बदलावेत, ते स्वस्त असतात. घासलेटाने धुऊन नवे ग्रीस भरावे आणि कोन असा आवळावा की चाक डुलू नये, पण व्हॉल्व्हच्या वजनाने आपोआप फिरून खाली यावे. २८ इंची चाकांचे टायर आजही मिळतात, कारण या घडणीच्या सायकली आपल्याकडे अजून तयार होत आहेत. सळ्यांच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतील कडेवर दाबते. ती कडा गंजलेली असेल तर ब्रेक केवळ नावापुरता. पावसात तर तो तसाही दुबळाच.

चाकाचा आऊट काढणे हे काम घरी शिकण्याचे नव्हे असे माझे मत आहे. त्यासाठी चौकातील जुन्या सायकलवाल्याकडे जावे. आपल्यात हात काळे करण्याचा एक संकोच आहे, आणि ज्यांचे हात काळे आहेत त्यांना एकेरीत हाक मारण्याची सवयही आहे. शिकायला जायचे असेल तर ती सवय उंबऱ्याबाहेर ठेवावी, स्टुलावर बसावे आणि तारेची चावी पाव फेऱ्याहून अधिक ते का फिरवीत नाहीत हे पाहत राहावे. असे कारागीर आता थोडे उरले आहेत. पुण्यात कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचे जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे; आपल्या सायकलीवर कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून बसविलेला, हे ताडून पाहण्यास ते उपयोगी पडेल.

सायकल जोडून झाली की पहिली फेरी आवारातच मारावी, आणि पहिल्या आठवड्यात कॉटरपिनचे नट दोनदा पुन्हा आवळावेत. ज्यांच्याकडे अशी सायकल आहे त्यांनी सभेनंतर मला अवश्य भेटावे; पुढच्या पट्टीचे छायाचित्र बरोबर असल्यास उत्तम.