सर्वांचे ते सांभाळावे कोणी?

परीक्षेचा निकाल, जमिनीचा उतारा, विजेचे देयक या गोष्टी आज घरबसल्या पाहता येतात. आपण बैठक क्रमांक लिहून पाठवितो. दूरच्या संगणकावरील एक आज्ञावली ती मागणी स्वीकारते, असंख्य नोंदींतून आपलीच नोंद काढविते आणि पान सिद्ध करून धाडते. या द्वारपालास वेब सर्व्हर म्हणतात.

‘टॉमकॅट’ हा असाच एक सर्व्हर. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीतील जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी तो लिहिला आणि १९९९ मध्ये कंपनीने तो अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या स्वाधीन केला. टॉमकॅट म्हणजे बोका. स्वतःची काळजी स्वतः घेणारा प्राणी म्हणून हे नाव. तो विनामूल्य मिळतो. त्याची घडण कोणीही वाचावी, सुधारावी. २०१५ साली भारत सरकारनेही आपल्या कार्यालयांसाठी अशा मुक्त आज्ञावलींना पसंती देण्याचे धोरण जाहीर केले.

परंतु जे सर्वांना वाचता येते, ते कोणीतरी वाचतेच असे नाही. सोबतच्या दुसऱ्या सर्व्हरशी बोलण्यासाठी टॉमकॅटला एक आडदार होते आणि ते मुळातच उघडे असे. त्यातून परक्याला आतील कागद वाचता येत. दहा वर्षांहून अधिक काळ हा दोष तसाच राहिला. २०२० च्या फेब्रुवारीत तो उघडकीस आला. लोकांनी त्याला ‘घोस्टकॅट’ म्हटले. सातव्या, आठव्या व नवव्या आवृत्तींसाठी दुरुस्ती तत्काळ निघाली. जिची देखभाल आधीच थांबली होती, त्या सहाव्या आवृत्तीला मात्र ती मिळाली नाही. आणि निघालेली दुरुस्तीही ज्याची त्याने आपल्या यंत्रावर बसवावयाची असते.

आपल्या भोपाळचा मोठा तलावही सर्वांचाच. २००९ मध्ये तो आटला, तेव्हा नागरिकांनी श्रमदान करून गाळ उपसला. पाण्याला मोल पडत नाही, म्हणून गाळ आपोआप निघत नाही.

तेव्हा आपली शाळा वा पतपेढी असा सर्व्हर वापरीत असेल, तर चालकांना एवढेच विचारावे: आवृत्ती कोणती आहे? तिची देखभाल अजून चालू आहे ना? नवी दुरुस्ती निघाल्यावर ती कोण बसवितो? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या नावाने मिळाले पाहिजे.