मामू पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतायत
(कोल्हापुरात झालेल्या युवकांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातल्या संधी' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. मी त्यांना म्हटलं, एक अक्षर वाढवून देता का? आयटीऐवजी आयटीआयवर बोलतो. ते हसले, पण हो म्हणाले. त्यांचे आभार.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करतो, वय चौतीस. आज मी माझ्याविषयी कमी आणि माझ्या मामूंविषयी जास्त बोलणार आहे. मामू शासकीय आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवतात. सरकारी भाषेत त्यांचं पद 'शिल्प निदेशक' आणि ट्रेडचं नाव 'जोडारी'. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणतात. १९९३ साली ते नोकरीला लागले. पुढच्या मे महिन्यात त्यांना ५८ वर्षं पूर्ण होतील आणि ते निवृत्त होतील.

गेल्या ईदला मी त्यांना म्हटलं, "मामू, तुम्ही हजारो पोरं घडवलीत." त्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, "हिशेब कर. फिटरचा कोर्स दोन वर्षांचा. एका बॅचला वीस-एकवीस पोरं. माझ्या सोळा बॅचा झाल्या. सोळा गुणिले एकवीस किती? ३३६. हजारो कुठून आणलेस?"

ज्या माणसाने आयुष्यभर मायक्रोमीटर वापरला, तो हवेतलं कौतुक असंच मोजून परत करतो.

मी विचारलं, त्यात मुली किती? त्यांनी बोटं मोजली. नऊ. मग विचारलं, आपली किती? ते म्हणाले, हजेरीपट ट्रेडचा असतो, मी तसं कधी मोजलं नाही. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "फार नव्हती. आपली पोरं आयटीआयच्या दारातून आत आलीच नाहीत. ती रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये गेली."

हे वाक्य मला पुण्याला जाईपर्यंत पुरलं. कारण त्या शेडमध्ये गेलेल्यांपैकी एक माझा सख्खा धाकटा भाऊ आहे.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा अब्बांचं दुकान बसलं. त्याच वर्षी भाऊ दहावीला गणितात नापास झाला. घरात बैठक झाली. मी हुशार, म्हणून माझं शिक्षण चालू ठेवायचं ठरलं. तो नापास, म्हणून त्याला 'कुठंतरी लावायचं' ठरलं. आठवड्याभरात तो उद्यमनगरात एका लेथवर उभा होता. वय सोळा. शनिवारी त्याचा पगार व्हायचा आणि त्यातले पैसे माझ्या हॉस्टेलला यायचे. माझ्या डिग्रीच्या कागदावर माझं एकट्याचं नाव आहे. पैसे दोघांच्या घामाचे होते.

त्या बैठकीत मामू होते. ते भावाला म्हणाले होते, "ऑक्टोबरला गणित काढ आणि माझ्याकडे ये." एकदाच म्हणाले. नंतर त्यांनी विचारलं नाही, यानेही काढलं नाही. ३३६ पोरांना शिकवणारा माणूस आणि त्याचा भाचा अर्ध्या किलोमीटरवर लेथ चालवत होता, पंधरा वर्षं.

आपल्या या शहराला लेथ नवा नाही. ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीतून उद्यमनगर वाढलं, फाउंड्र्या आल्या, मग शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी आल्या. दुरुस्ती करता करता माणूस कारागीर व्हायचा. हाताला काम येत असेल तर कागद कोण विचारत होतं? भाऊही तसाच शिकला. मालकाने जुना शाफ्ट पुढ्यात टाकायचा, याने कॅलिपर लावून तसाच नवा काढायचा. बेअरिंग असं बसतं की मालक बघतसुद्धा नाही.

तीन वर्षांपूर्वी तो एका मोठ्या कारखान्यात मुलाखतीला गेला. तिथे सीएनसी मशिनं आहेत, पीएफ आहे, दवाखान्याची सोय आहे. त्यांनी आधी सर्टिफिकेट विचारलं. नाही म्हटल्यावर ड्रॉइंग पुढे केलं आणि विचारलं, यात काय लिहिलंय ते सांग. याला वाचता आलं नाही. बारा वर्षांच्या कारागिराला ते म्हणाले, हेल्पर म्हणून घेऊ. तो परत आला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

मित्रांनो, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे मागितलं ते त्याच्याकडे नव्हतं. प्रश्न असा आहे की ते त्याच्याकडे का नव्हतं.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाचा आपण सभांमधून पुष्कळ उल्लेख करतो. त्या अहवालातली एक गोष्ट मात्र आपण भरभर वाचून पुढे जातो. मुसलमान समाजात पगारी नोकरदारांपेक्षा स्वतःचा छोटा धंदा, कारागिरी करणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे, हे त्यात स्पष्ट मांडलंय. म्हणजे हुनर आहे. तो कुठे नोंदलेला मात्र नाही. आणि जे नोंदलेलं नाही, त्याला बाजार हेल्परचा भाव देतो.

माझ्या धंद्यात उलटं आहे. मी कोडची एक ओळ बदलली तरी ती तारखेसह, माझ्या नावासह साठवली जाते. त्यातलं जे काम खुलं असतं, ते नवीन कंपनीलाही उघडून बघता येतं. भावाने पंधरा वर्षांत किती शाफ्ट, किती बुश काढले? सगळे टेम्पोत बसून निघून गेले. मागे एक चिठ्ठी राहिली नाही.

आता मामूंच्या निवृत्तीकडे येतो.

निवृत्तीनंतर काय करायचं, याच्या सूचना त्यांना वर्षभर येतायत. एका खासगी आयटीआयने तासिका तत्त्वावर या म्हटलं. मुलगा म्हणतो, माझ्या दुकानात गल्ल्यावर बसा. मोहल्ल्यातली मंडळी म्हणाली, मास्तर, आता खिदमत करा, पोरांना मोफत शिकवा, सवाबचं काम आहे.

मामूंनी तिघांनाही नाही म्हटलं. त्यांचं ठरलंय ते असं. उद्यमनगरात एक गाळा भाड्याने घ्यायचा. दोन वाइस, एक जुना लेथ, एक फळा. संध्याकाळी सात ते नऊ. जी पोरं आधीच शेडमध्ये कामाला आहेत, त्यांनाच घ्यायचं. हात चालवायला शिकवायचं नाही, तो त्यांचा चालतोच. ड्रॉइंग वाचायला, मोजमापाची हत्यारं नीट वापरायला, वर्कशॉपचं गणित करायला आणि परीक्षेला बसायला शिकवायचं. महिना पाचशे रुपये फी. अर्धी पोराने द्यायची, अर्धी शेडच्या मालकाने.

फीवरून मोहल्ल्यात कुजबुज झाली. पेन्शन आहे, मग पैसे कशाला? मीसुद्धा हेच विचारलं. त्यांचं उत्तर मी जसंच्या तसं सांगतो. "मोफत असलं की पाऊस पडला म्हणून पोरगं येत नाही. मालकाने अडीचशे भरले तर तो स्वतः सात वाजता त्याला सोडतो. आणि मी काय कायमचा आहे? उद्या माझ्या जागी दुसरा निदेशक बसवायचा झाला तर तो फुकट कुठून मिळणार? फुकट चालवलं तर माझ्याबरोबर बंद पडेल."

आणि ज्याला अडीचशेही जड आहेत त्याचं काय? मामू म्हणतात, त्याची फी मोहल्ल्याने भरावी. शिकवणाऱ्याच्या पोटाला चिमटा काढून खिदमत करू नये. मला हे पटलं. आपण शिक्षकाला शाल आणि नारळ आनंदाने देतो. त्याच्या तासाचे पैसे द्यायची वेळ आली की आपल्याला सवाब आठवतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मामू हे धाडस करू शकतात, कारण ते २००५ च्या आधी नोकरीला लागले. त्यांना जुनी पेन्शन आहे. आज तासिका तत्त्वावर शिकवणारे जे तरुण निदेशक आहेत, ते ५८ व्या वर्षी असा गाळा घेऊ शकतील का, मला शंका आहे. म्हणून मामूंची गोष्ट मी आदर्श म्हणून सांगत नाही. एक संधी आत्ता हातात आहे, एवढंच सांगतोय.

नोकरीत असताना त्यांना फी घेऊन वर्ग चालवता येत नाही. म्हणून सध्या ते रविवारी फक्त घरच्या पोराला शिकवतात. म्हणजे माझ्या भावाला. तो आज एकतीस वर्षांचा आहे, त्याला दोन मुलं आहेत. दोन वर्षांपूर्वी त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली.

पहिल्या रविवारी मी तिथे होतो. मामूंनी एक ड्रॉइंग पसरलं. शाफ्टचं माप २५ मिलिमीटर. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात वर शून्य, खाली उणे ०.०१३. मामू म्हणाले, "याचा अर्थ काय? २५ च्या वर अजिबात जायचं नाही. खाली गेलास तर २४.९८७ पर्यंत. या दोन्हींच्या मध्ये कुठंही चालेल. बाहेर गेलास की जॉब रिजेक्ट." भाऊ बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एवढंच? हे तर मी रोज करतो. याला असं लिहितात होय?"

मामूंनी चष्मा काढला आणि पुसत बसले. त्या संध्याकाळी जाताना ते मला म्हणाले, "याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मी पंधरा वर्षं उशीर केला."

निवृत्तीनंतरचं काम त्यांनी हेच का निवडलं, ते मला तेव्हा कळलं. पोरं दारातून आत आली नाहीत, म्हणून ते दाराबाहेर चाललेत.

मी इंजिनिअर. मला वाटलं, आपण यासाठी ॲप काढू. मामू म्हणाले, आधी वही काढ. तर आम्ही वही काढली. रोज एक जॉब: तारीख, ड्रॉइंगची आकृती, मागितलेलं माप, निघालेलं माप, कोणतं हत्यार वापरलं, आणि मालकाची सही. फोनवर एक फोटो. सात महिन्यांत दीडशेवर नोंदी झाल्यात. मालक आधी सही करायला कुरकुरत होता. आता तोच गिऱ्हाइकाला ती वही दाखवतो.

तुम्ही इथून काय घेऊन जाल? माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली. तुमच्या घरात, गल्लीत जो कुणी लेथवर, वेल्डिंगवर, वायरिंगवर काम करतो, त्याला अशी वही सुरू करून द्या. त्याला लिहायला वेळ नसेल तर तुम्ही लिहा. आठवड्याला अर्धा तास लागतो.

दुसरी. अनुभवी कारागिराला आयटीआयच्या वर्गात न बसताही अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसण्याची तरतूद आहे. अनुभवाचा दाखला लागतो, इतर अटी आहेत. त्या ऐकीव माहितीवर ठरवू नका. जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन विचारा, आणि त्या कारागिराला बरोबर घेऊन जा. एकटा तो जात नाही. खिडकीपाशी इंग्रजी बोलतील या भीतीने माझा भाऊ पंधरा वर्षं गेला नव्हता. आत गेल्यावर सगळं मराठीत झालं. वायरिंगवाल्यांनी वायरमनच्या परवान्याचीही चौकशी करावी.

तिसरी. तुमच्या भागात छप्पन-सत्तावन्न वर्षांचा एखादा निदेशक, एखादा वर्कशॉप शिकवणारा मास्तर असेलच. मुसलमान असो वा नसो. त्याच्या निरोप समारंभाची वाट बघू नका. आत्ता जाऊन विचारा, सर, पुढे काय करणार? गाळा शोधू का? फॉर्म भरायला माणूस हवाय का? निवृत्त झाल्यावर माणूस वर्षभरात दुसरीकडे गुंततो, नाहीतर खचतो. आधी विचारलं तर तो तयारीला लागतो.

भावाचा खासगी उमेदवारीचा अर्ज तयार आहे. पास होईल का? प्रॅक्टिकलची मला काळजी नाही. लेखीची त्याला धास्ती आहे. रात्री मुलं झोपल्यावर तो अभ्यास करतो आणि अडलं की मला फोन करतो. परवा त्रिकोणमितीचा प्रश्न विचारला, टेपर काढायचा कोन होता. मला आठवेना. मी म्हटलं, थांब, बघून सांगतो. तोवर त्याने मामूंना विचारून सोडवलं होतं.

मे महिन्यात मामूंचा निरोप समारंभ होईल. गाळ्याचा पहिला वर्ग जूनमध्ये आहे. सात पोरांनी नावं दिलीत, त्यात एक मुलगी आहे, बापाच्या शेडमध्ये काम करते. अजून जागा आहे. कुणाचा भाऊ, कुणाची बहीण असेल तर बैठक संपल्यावर मला भेटा.