आधी खत पेरा, मग भाजी पेरा
(सास्तूर येथे शेतकरी व कारागीर स्त्री-पुरुषांपुढे केलेले भाषण)



आज मी मोठ्या शेतांची गोष्ट काढणार नाही. सोयाबीनचा भाव, ऊस आणि पीकविमा ह्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलावयाचे आहे ते घरामागच्या गुंठा-अर्ध्या गुंठ्याच्या तुकड्याविषयी, जेथे चार वांगी, दोन मिरच्या, मेथीचा एक वाफा आणि कुडावर दोडक्याचा वेल असतो. ह्या तुकड्याला कोणी हिशेबात धरीत नाही. कारण त्याचा माल अडत्याकडे जात नाही आणि त्यात राबते ती घरची बाई. परंतु ज्या सुताराच्या, कुंभाराच्या, मजुराच्या नावावर सातबाऱ्याची एक ओळही नाही, त्याचे सारे शेत म्हणजे हाच तुकडा होय. तो पिकला तर पोरांच्या भाकरीवर भाजी पडते. नाही पिकला तर आठवड्याच्या बाजारात पदर सोडावा लागतो, नाहीतर चटणीवर भागवावे लागते.

आता ह्या तुकड्यातील मातीचा विचार करा. आपले वाडवडील गावाच्या दोन जमिनी सांगत. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरीत पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, गोठ्याचा केर आणि शेणमूत मुरलेले असे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला आणि सास्तूर व भोवतालची गावे जमीनदोस्त झाली. पुढे ह्या पट्ट्यातील अनेक गावे शेतजमिनी संपादून नव्या जागी वसविली गेली. घरेसुद्धा जमिनीच्या मापाने मिळाली: भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबास 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंतवाल्यास 400 आणि त्यावरच्यास 750. असो. घर कोणाचे लहान, कोणाचे मोठे. पण नव्या वसाहतीतील परसाची माती मात्र सर्वांनाच नवी. पिढ्यांचा केर आणि राख जुन्या पांढरीतच राहिली.

बरे, नव्या मातीला कस आणावा तर शेण कोठे आहे? बैल गेले, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर नांगरतो खरा, पण शेण टाकीत नाही. एखादी म्हैस किंवा शेळी असली तर तिचे खत मोठ्या शेताला जाते, आणि बाईच्या वाफ्याला उरते ती युरियाच्या पोत्यातली मूठभर झाडझूड. मग आपली काळी माती पावसात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खुरप्याला दाद देत नाही.

ह्यावर एक उपाय असा आहे की, खत बाहेरून आणावयाचे नाही, ते जागेवरच पेरावयाचे. त्याला हिरवळीचे खत म्हणतात. ताग किंवा धैंचा दाट पेरावा, फुलावर येऊ लागला की कापून त्याच मातीत गाडावा, आणि तो कुजल्यावर तेथे भाजी लावावी. एवढेच ते काम.

कोणी विचारील, मातीतून उगवलेले मातीतच पुरले तर नवीन काय मिळाले? प्रश्न रास्त आहे. ताग, धैंचा, चवळी, मूग, तूर ह्या शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत जिवाणू राहतात आणि ते हवेतील नत्र धरून झाडाला देतात. हेलरीगेल ह्या जर्मन शास्त्रज्ञाने हे 1886 साली दाखवून दिले. पण ज्वारीत तुरीचे तास घालणाऱ्या आपल्या कुणब्याला त्याचा गुण त्यापूर्वीच ठाऊक होता. नाव ठाऊक नव्हते इतकेच. पेरणीनंतर महिन्याभराने एक रोप हलक्या हाताने उपटून पाहा. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी-तांबूस रंग दिसला, तर काम चालू आहे असे समजा. गाठीच नसल्या तर पुढच्या वेळी बियाण्याला रायझोबियम जिवाणूखत चोळून पेरावे.

आता रीत सांगतो. मृगाचा पाऊस पडून वाफसा झाला की गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो ताग फोकून पेरावा. जमीन चिबड किंवा चोपण असेल तर धैंचा बरा. तो पाणी साचलेले सोसतो. 45 ते 50 दिवसांनी, म्हणजे पुष्य किंवा आश्लेषा नक्षत्रात, पहिली फुले दिसू लागली की विळ्याने बुडातून कापावा, वीतवीत तुकडे करून पसरावा आणि कुदळीने चार ते सहा इंच खाली पुरावा. माती ओली पाहिजे. पावसाने ओढ दिली तर घागर-दोन घागरी शिंपडाव्या. कोरड्या मातीत ताग कुजत नाही, नुसता वाळतो. त्यानंतर दोन ते तीन आठवडे तेथे काही लावू नये. कुजणाऱ्या पाल्यात कोवळे रोप मरते. माती उकरून काडी बोटांनी सहज तुटली की वाफे बांधावेत. मघा-पूर्वाच्या सुमारास मेथी, वांगी, कांद्याचे रोप, जे हवे ते लावावे.

ह्यात एक मोह आहे. फुललेला ताग पाहून वाटते, आणखी महिना राहू द्यावा, जास्त पाला होईल. असे करू नये. ताग जून झाला की काडीत वाख धरतो. ती काडी पुरली तर तिला कुजविण्यासाठी जिवाणू मातीतीलच नत्र खाऊन टाकतात आणि वरची भाजी कित्येक आठवडे पिवळी पडते. कोवळे पुराल तर खत, जून पुराल तर उसनवारी, हे पक्के ध्यानात ठेवा.

हिशेबही उघड सांगतो. खोटी आशा दाखविणे हा शेतकऱ्याचा अपमान आहे. चांगला आलेला ताग गुंठ्यास दीडशे ते दोनशे किलो ओला पाला देतो. शंभर किलो ओल्या पाल्यात सुमारे चारशे ग्रॅम नत्र असते. म्हणजे दीडशे किलोत सहाशे ग्रॅम, आणि तेही सारेच हवेतले नव्हे. एवढे नत्र सव्वा किलो युरियात मिळते. मग हा खटाटोप कशाला? तर युरियात नत्र आहे, पण मातीला खाणे नाही. दीडशे किलो पाल्याबरोबर तीस किलोच्या आसपास सुके द्रव्य मातीत जाते. त्याने काळ्या मातीचे ढेकूळ फुटते, हवा खेळते, पाणी मुरते व टिकते. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आणि 2012 नंतरची कोरडी वर्षे ज्यांनी सोसली, त्यांना टिकलेल्या ओलाव्याची किंमत मी काय सांगावी! मात्र आपल्या उन्हात हे द्रव्य लवकर जळून जाते, म्हणून एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावे लागते. आणि स्फुरद काही ताग हवेतून आणीत नाही. त्यासाठी टोपलीभर शेणखत वाफ्याला दिलेच पाहिजे.

खरी अडचण पुढेच आहे. ज्याचा एकच गुंठा, त्याने दोन-अडीच महिने भाजी सोडून ताग कसा पेरावा? पोट का थांबते? त्याला माझे सांगणे असे की, सारा तुकडा अडकवू नका. त्याचे चार भाग करा. दरसाल एका भागात ताग, तीन भागांत भाजी. चार वर्षांत सारा तुकडा फिरून येतो. शिवाय कुडाला गिरिपुष्पाच्या दोन-दोन हात लांब फांद्या पावसाळ्यात रोवा. ह्यालाच कोठे उंदीरमारी म्हणतात. झाड नीट धरले की वर्षातून दोन-तीनदा छाटून त्याचा पाला वाफ्यात पुरता येतो, आणि त्यासाठी हातभरही जागा अडत नाही.

तागाविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ताग म्हणजे दोराचे झाड आणि दोर वळणे हे मातंगाचे काम, अशी आपल्या समाजाने वाटणी करून ठेवली. रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातींविषयी 1916 साली जो ग्रंथ छापला, त्यात नोंद आहे की तेथील प्रतिष्ठित शेतकरी जाती तागाची लागवड करणे कमीपणाचे मानीत. पाहा, माणसाला शिवू नये म्हणणाऱ्यांनी झाडालाही जात चिकटविली! आणि तेच झाड हवेतील नत्र फुकट आणून जमिनीला घालते. मातीला सोवळे-ओवळे कळत नाही. तिला कोवळा पाला कळतो.

जोतीराव फुले यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा व शेण पावसाने वाहून शेतांत येई, तो कस आता येईनासा झाला, हे दुखणे त्यांनी त्यात मांडले. ताली-बंधारे घालून पाणी मुरवा असेही सांगितले. आता डोंगराचा पाला वाहून येण्याची वाट पाहत बसलो तर आपण बसूनच राहू. तो आपल्याच परसात उगविला पाहिजे.

आणि हे काम कोणी ठरवावे? जी राबते तिने. भूकंपानंतर ह्या भागात काम उभे केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या साथीने मराठवाड्यातील बायांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर जमीन मागून घेतली आणि तीत विकाऊ पिकाऐवजी घरच्या खाण्याची धान्ये व भाज्या स्वतःच्या विचाराने पिकविल्या. त्या कामाला 2016 साली संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. एकराचा निर्णय बाई करू शकते, तर परसातल्या चौथाईचा का करू नये? पुरुषांना माझी विनंती एवढीच की, कुदळ मारावयाच्या दिवशी हात लावा आणि गोठ्यातल्या शेणखताची एक टोपली तिच्या वाफ्याला आधी द्या.

तेव्हा येत्या मृगाला प्रत्येक घराने परसाच्या एका चौथाईत ताग फोकावा. बियाणे एकट्याने थोडे आणण्यापेक्षा पाच-दहा घरांनी मिळून आणावे व वाटून घ्यावे; काही अडले तर तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. आणि फुले दिसली की मोह न धरता कापावा.